रंगाचं स्थळ

जगातल्या प्रत्येक वस्तूचा रंग थोडासा चुकलेला आहे, अशी माझ्या मावसभावाची पक्की खात्री होती. देवाने सृष्टी करताना याला विचारलं असतं तर निदान कडुलिंबाचा हिरवा तरी जरा मवाळ झाला असता, असं तो वर्ध्याजवळच्या सेलूच्या चौकात उभा राहून सांगायचा. बसस्टँडजवळ त्याचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका आणि बियाण्यांच्या जाहिराती हा धंदा, पण जीव सगळा रंगात. पंगतीत बसला तरी वाढणाऱ्याला म्हणायचा, "थांब बे, तुह्या वरणाचा पिवळा भातावर मरून राह्यला." त्यात नेट कॅफेत त्याला एक साइट सापडली. तिला एक रंग द्यावा, की त्याला शोभणारे चार रंग ती शेजारी मांडून दाखवी. झालं, जेवणाची शुद्ध राहिली नाही. पेपरवाले तेव्हा वेबसाइटला 'संकेतस्थळ' म्हणू लागले होते. याने त्यातला संकेत गाळला. दिवसभर तिथे काय करतोस, असं मावशीने विचारलं तर म्हणाला, "स्थळ पाहून राह्यलो, रंगाचं." मावशीचा चेहरा उजळला. "गोरी हाय का?" "नाई, जांभळी हाय." मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

अशा माणसाकडे मी माझं पत्रक घेऊन गेले. त्या काळी मला पत्रकाखेरीज काही लिहिताच येत नसे. आईला चिठ्ठी लिहिली तरी ती 'बंधू-भगिनींनो'ने सुरू व्हायची आणि 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' इथे संपायची. पण या वेळचा राग खरा होता. हिंगणीची शेवटची बस कॉलेज सुटायच्या आधीच निघून जायची. पोरी अंधारात चालत घरी जात, आणि म्हणून बापांनी एकेकीचं कॉलेजातून नाव काढायला सुरुवात केली होती. संध्याकाळची एक बस मिळावी म्हणून सोमवारी सगळ्यांनी बसस्टँडवर बसायचं होतं. माझं पहिलं पत्रक लालभडक होतं. लोकांनी लांबूनच विचारलं, "कोन्या पार्टीचं हाय?" आणि त्यात चिवडा बांधला.

"या वेळी अजून लाल कर," मी म्हणाले.

"पुढारीणबाई, तुमचा मजकूरच एवढा लाल हाय, शाई कायले लाल पाह्यजे? भगवा याचा, निळा त्याचा, हिरवा तिसऱ्याचा. म्या कोनाचाच नाई असा रंग काढतो."

आणि साहेब नेट कॅफेत जाऊन बसले. मी दारात उभी राहून ओरडले, "तिकडे पोरी घरी बसून राह्यल्या, अन् तू रंग निवडून राह्यला!" त्याने नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. हलका, धुरकट जांभळा. "दिवस बुडल्यावर बोर धरणावर येते ना, तो. तुमच्या पोरी चालत निघतात ना, तवाचा." मी मजकुराचा कागद त्याच्या कीबोर्डवर ठेवला.

वर्ध्याच्या प्रेसमधून पत्रकं आली ती वांग्याच्या भरिताच्या रंगाची. पडद्यावरच्या रंगात उजेड असतो, शाईत तो नसतो, हे त्याला पाठ होतं, प्रेमात विसरला. गठ्ठ्यावर डोकं टेकून म्हणाला, "वाटू नोको व, माही इज्जत जाईन."

मी वाटली. भरिताच्या रंगाची पार्टी कोणाच्याच ओळखीची नव्हती. हे आहे तरी कोणाचं, म्हणून लोकांनी ते वाचलं. वाचूनही कळेना, म्हणून सोमवारी बघायला आले, आणि आले ते बसले. माझ्या भाषणामुळे आले, असं मी अजूनही चारचौघांत सांगते.

बस सुरू झाली. पेढा मात्र त्याने घेतला नाही. "रंग चुकला," एवढंच म्हणाला. पुढे तो पुण्याला गेला, आणि दुकानात आता मोबाइलचे रिचार्ज मिळतात.

परवा मी त्याच बसने हिंगणीला निघाले होते. बस पोरींनी भरलेली, गप्पांना ऊत आलेला, बाहेर कोणाचंच लक्ष नव्हतं. मी सहज खिडकीतून पाहिलं, तर धरणाच्या बाजूला तो होता. तोच. मी घाईघाईने फोन लावला. "अरे, तुझा रंग आलाय!"

पलीकडून पुण्याच्या रस्त्याचा गोंगाट येत होता. त्यातूनच तो म्हणाला, "निळा जरा जास्त असंन. पाह्य बरं नीट."

मी नीट पाहिलं. तोवर अंधार पडला होता.