आढी का पिकेना

आई नेरुळला माझ्याकडे राहायला यावी म्हणून मी राजापूरच्या भावाशी चांगलीच भांडले होते. ती आली, पण अट घालून: आंबे पिकवलेले आणायचे नाहीत, घरीच आढी लावायची. पहिली पेटी आली तशी तिने माळ्यावर पेंढा पसरून आंबे लावून घेतले.

आमच्या रो-हाऊसमध्ये सगळ्या खोल्यांना मिळून एकच एसी आहे. यंत्र जिन्यापाशी, आणि छताखालून डक्ट, म्हणजे पत्र्याचे बोगदे, गार हवा खोल्याखोल्यांत नेतात. या थाटाचा मला भारी अभिमान. आईला मी टोकाची, शांत खोली दिली होती.

मे महिन्यात त्या खोलीची भट्टी झाली. हॉलमध्ये आम्ही चादरी पांघरून टीव्ही बघायचो आणि आई आत पदराने वारा घेत बसायची. मी एसी आणखी वाढवायचे. बिल फुगायचं, तिच्या खोलीत मात्र ढिम्म फरक नाही. शिरवण्याहून मेकॅनिक आला.

"मॅडम, मोठं मशीन टाका. टेन्शनच नाय."

"आहे त्या मशीनची हवा कुठे जाते, ते आधी सांगा!"

"कोपऱ्यातल्या रूमला असंच होतं."

असली उत्तरं ऐकली की माझं डोकं फिरतं. चहासुद्धा न विचारता त्याला वाटेला लावलं.

त्याच संध्याकाळी आईने भावाला फोन केला. "रविवारी ये नि मला घेऊन जा. इथे जीव घुसमटतो." तिची सोय वगैरे मी भावाला ऐकवायचे. खरं तर ती मला हवी होती, माझ्यासाठी.

निदान आंबे तरी खाऊन जाऊ दे, म्हणून शिडी लावून माळ्यावर चढले. एव्हाना घमघमाट सुटायला हवा होता. आंबे हिरवेगार, टणक.

"आढीत हात घाल गो," आई खालून म्हणाली. "ऊब लागत्ये का?"

ऊब कसली! पेंढा गारठलेला, ओलसर. आणि मनगटाला चक्क वारा लागत होता. पेंढा बाजूला सारला, तर मागून आईच्या खोलीकडे जाणारा डक्ट. सांध्यावरची पट्टी सुटून लोंबत होती, आणि फटीत माझी चार बोटं सहज गेली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. आम्ही बिल भरत होतो आणि माळा गार होत होता.

मेकॅनिकला परत बोलावलं. या वेळी शिडीखाली मी उभी. त्याने सगळे सांधे बंद केले, वर जाड आवरण गुंडाळलं. प्रत्येक सांध्यापाशी हात धरून बघायला लावल्याशिवाय मी त्याला खाली उतरू दिलं नाही. मग चहा दिला, भजीही. आढी उचलून कोठीच्या खोलीत नेली.

रविवारी भाऊ आला तेव्हा आई दार लोटून, गळ्यापर्यंत गोधडी ओढून दुपारची गाढ झोपली होती. तो बिचारा बाहेर ताटकळला.

आई उठून बाहेर आली. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्याला जेवायला वाढ आणि रात्रीच्या गाडीत बसवून दे," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "आणि तू, पुढच्या खेपेला माझं उरलेलं सामान घेऊन ये."