दारात बसून खेळलेला बेसबॉल

माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं, तेव्हा अमेरिकेतले मोठे दीर मुलीला घेऊन पिंप्राळ्याच्या घरी आले. पुतणीजवळ हातात धरून खेळायचा राखाडी व्हिडिओ गेम होता, त्यात बेसबॉल. घरच्यांना ते क्रिकेटच वाटलं. माझ्या नवऱ्याने चेंडू मागच्या बाजूला टोलवला आणि चौकार गेला म्हणून खूश झाला. पुतणीने तो फाउल असल्याचं, म्हणजे फटका धरला जात नसल्याचं सांगितल्यावर त्याने खेळ परत दिला.

दुपारी तिने तो माझ्यापुढे धरला. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून आम्ही दारात बसलो. पहिला चेंडू बाहेर जात होता, तो मी सोडून दिला. पुढचाही सोडला. मग एक बरोबर मधोमध आला आणि मी बटण दाबलं. चेंडू कुंपणापार गेला.

"काकू, तुला हे कसं येतं?"

"मी सॉफ्टबॉल खेळायचे, कॉलेजात. पिचर होते, चेंडू टाकायचे," मी बोलून गेले.

दिरांनी पेपर खाली केला. सासूबाई गहू निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. सासरी हे कधी काढू नकोस, असं आईने जामनेरच्या माहेराहून निघतानाच बजावलं होतं. मुलगी बघायला आले तेव्हा तिने माझं शिवणकाम तेवढं सांगितलं होतं. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

"हाफ पॅन्ट घालीसन?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

त्या पुन्हा गहू निवडायला लागल्या. मी पदर सारखा केला, तरी सगळ्यांना माझे उघडे गुडघेच दिसताहेत असं वाटत राहिलं. रात्री जेवण वाढताना मान वर झाली नाही. नवऱ्याने नंतर हळूच विचारलं, आधी का नाही सांगितलंस? धुळ्याच्या सामन्यांत आम्ही हरलो होतो, एवढंच कसंबसं सांगितलं.

काही दिवसांनी शेजारच्या काकू अमेरिकेचा तो खेळ बघायला आल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "आमनी सून तं खऱ्या मैदानवर खेयेल शे, धुयाले."

त्यात टोमणा नव्हता. उलट थोडी ऐटच होती. पण काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि मी चहाचं निमित्त करून आत गेले. चहा कडू होईपर्यंत उकळत ठेवला. सासूबाईंनीच येऊन तो गाळून नेला.

मागोमाग पुतणी आली. खरा चेंडू कसा टाकायचा ते दाखव म्हणाली. टोपलीतला एक बटाटा मी उचलला आणि हात मागे नेऊन खालून तिच्याकडे टाकला. मनगट जसं वळायला हवं तसं आपोआप वळलं. तिने तो झेलला आणि पुन्हा टाक म्हणून परत दिला. मी आधी दाराकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.