उतारावरची बाग

आमच्या नगरपालिकेतले माळीनाना झाडांविषयी माणसांसारखं आणि माणसांविषयी झाडांसारखं बोलत. शेवंती त्यांच्या मते 'रुसलेली' असायची, क्रोटन 'लाडावलेला' असायचा, आणि कर विभागातल्या मोठ्या कारकुनांना मात्र 'पाणी जास्त झालंय, मुळाशी कुजलेत' असं म्हणून नाना पुढे जात. साहेबांनी रजा नाकारली तरी नाना साहेबांना दोष देत नसत. "त्या खोलीत ऊनच येत नाही हो, माणूस करणार काय," एवढंच म्हणत.

शिंप्याच्या कानामागे खडू असतो तशी नानांच्या कानामागे एक वाळकी काडी असे. ती कुंडीत खुपसून ते मातीची ओल बघत. तीच काडी ते मोजमापाला वापरत, भिंतीवरचं कोळ्याचं जाळं काढायला वापरत, आणि तिनेच चहातली साखर ढवळताना मी त्यांना पाहिलेलं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या माझ्या टेबलापाशी ते रोज चहाला येत, म्हणून हे मी खात्रीने सांगू शकतो. त्या चहाने त्यांना काही झालं नाही. झालं असतं तर नोंद माझ्याकडेच व्हायची.

आमची इमारत चांगल्या उंच जोत्यावर आहे. ज्याने ती बांधली त्याचा विचार असा असावा की नागरिक खिडकीपर्यंत पोचेतो त्याला दम लागला पाहिजे, म्हणजे तक्रार करायला श्वास उरत नाही. पुढे एके दिवशी वरून हुकूम आला की ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी प्रत्येक सार्वजनिक इमारतीला उतार हवा. लगेच उतार झाला. बाजूला चकचकीत कठडा झाला. साहेबांनी फीत कापली, स्वतःच्या धडधाकट पायांनी उतार चढून दाखवला, उतरून दाखवला, फोटो छापून आला. त्यानंतर त्या उतारावरून कुणी आलं नाही.

नानांचा त्या जागेवर पहिल्या दिवसापासून डोळा होता. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी इमारतीची सावली, आणि घातलेलं पाणी आपसूक खाली. त्यांनी एक लाडावलेला क्रोटन तिथे नेऊन ठेवला.

"तात्पुरता," ते मला म्हणाले.

सरकारी कचेरीत तात्पुरता या शब्दाला फार आयुष्य असतं. आमचे एक तात्पुरते कारकून सध्या निवृत्तिवेतन घेत आहेत. क्रोटनला सोबत म्हणून दुसरा क्रोटन आला, त्यांच्यामागून जिरेनियम आले, त्यांचे पाहुणे आले, आणि सगळ्यात वर, व्हरांड्याच्या तोंडाशी, सिमेंटच्या एका दांडग्या कुंडीत बोगनवेल आली. ती नानांनी बोटभर फांदीपासून वाढवली होती. तिने कठडा पकडला, मग खांब पकडला, आणि दोन वर्षांत पालिकेला 'सुंदर कार्यालय' म्हणून ढाल मिळवून दिली. ढाल साहेबांनी स्वीकारली. पाहणीला आलेल्या समितीने बोगनवेलीखाली उभं राहून फोटो काढले आणि कागदावर 'उतार: आहे' अशी खूण करून ती मंडळी जेवायला गेली.

उतारावरून कुणी येत नाही म्हणून कुंड्या ठेवल्या, आणि कुंड्या ठेवल्यामुळे कुणी येत नाही, ही गंमत तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरली नाही. नानांच्या तरी शिरायला हवी होती. कारण त्यांची सख्खी थोरली बहीण चाकाच्या खुर्चीवर होती.

या अक्का. पाय गेले एका अपघातात, त्याला बरीच वर्षं झाली. हात मात्र असे चालत की आमच्या निम्म्या कचेरीचे कपडे त्यांनी शिवलेले आहेत, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. घरी नाना त्यांच्या चाकाखाली खडा येऊ देत नसत. स्वयंपाकघराचा उंबरठा त्यांनी स्वतः पहारीने उखडला होता. ओटा स्वतः बुटका करून घेतला होता आणि त्यामुळे स्वतः दोन्ही वेळा कमरेत वाकून भांडी घासत होते. बाहेरचं तर अक्कांना काही बघावंच लागत नसे. दाखला असो, पाणीपट्टी असो, दवाखान्यातली रांग असो, "तुला कशाला त्रास, मी आहे ना," असं म्हणून नाना निघत. आमच्या कचेरीत अक्कांचं काम कधी अडलं नाही. त्यामुळे अक्का कधी कचेरीत आल्या नाहीत, आणि कचेरीने अक्कांना कधी पाहिलं नाही. आम्ही सगळे त्यांना ओळखत होतो ते त्यांनी घातलेल्या काजांवरून.

मग पालिकेने नवी मंडई बांधली. तिच्यात काही गाळे अपंगांसाठी राखून ठेवले. अक्कांनी अर्ज केला. घरातल्या कोपऱ्यात बसून गिऱ्हाईकाची वाट बघायचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांना रस्ता हवा होता, येणारी-जाणारी माणसं हवी होती, भांडायला शेजारी हवा होता. यादीत त्यांचं नाव लागलं. अट एकच, ज्याचा अर्ज त्याने वाटपाच्या दिवशी सभागृहात स्वतः हजर व्हायचं. तीन पुकाऱ्यांत हजर नाही तर गाळा पुढच्या माणसाला. अट वाईट नव्हती. मागच्या खेपेला लोकांनी धट्ट्याकट्ट्या मामांना लंगडायला शिकवून गाळे लाटले होते.

"मी नेईन ना तुला पाठीवर," नाना म्हणाले.

"पाठ तुझी, पण शोभा माझी," अक्का म्हणाल्या. "आणि तिथे उतार केलाय ना रे? साहेबांचा फोटो आला होता फीत कापताना."

"केलाय."

"मग झालं तर."

"झालं तर," नाना म्हणाले, आणि तेवढ्या दोन शब्दांत त्यांच्या पायाखालची जमीन सरकली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा चहा न ढवळताच प्यायले.

"एवढा उंबरठा काढला घरचा," ते म्हणाले. "आणि इथे स्वतःच्या हातानं..." उठून कुंड्या हलवायला गेले.

क्रोटन गेले, जिरेनियम गेले, पाहुणे गेले. राहिली बोगनवेल. कुंडी हलेना. खालच्या भोकातून मुळं बाहेर पडून उतारातल्या भेगेत शिरली होती. मी म्हटलं, "नाना, तोडा मुळं."

"वर्षं झाली तिला इथे. मुळं तोडली तर जगेल का ती?"

"मग खुर्ची कशी जाणार?"

नानांनी कानामागची काडी काढली, वाकले, कुंडी आणि कठडा यांच्यामधली जागा मोजली, आणि फुललेल्या चेहऱ्याने उठले. "जातेय. आरामात जातेय."

आता ती कुंडी होती खाली निमुळती आणि वर पसरट, ढेरपोट्या माणसाने पट्टा खाली बांधावा तशी. पण माळ्याची नजर मुळाशी. नानांनी मोजलं ते खाली.

वाटपाच्या दिवशी अक्का रिक्षातून उतरल्या. इस्त्रीची साडी, मांडीवर पिशवी. नाना खुर्ची ढकलायला मागे गेले तर म्हणाल्या, "हात काढ. माझी मी जाते." आणि निघाल्या. हात मशीनवरचे, चाकं सरसर वर चढू लागली. आम्ही खिडक्यांतून बघत होतो. इतक्या वर्षांत त्या उतारावरून पहिल्यांदा कुणीतरी जात होतं. अक्कांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरीचा आनंद होता. तो उताराच्या टोकापर्यंत टिकला. तिथे खुर्ची कुंडीच्या पोटाला आणि कठड्याला अशी काही घट्ट बसली की पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"हे काय आहे रे नाना?" अक्कांनी विचारलं.

"बोगनवेल."

"ते दिसतंय. इथे काय करतेय?"

कर विभागातले मोठे कारकून अवचित खरं बोलून गेले. "बाई, हा उतार कुंड्यांचाच आहे."

आत सभागृहात पुकारे सुरू झाले होते. पुकारा करणाऱ्या शिपायाला आम्ही भोंगा म्हणतो, कारण त्याने नाव घेतलं की ते बस थांब्यापर्यंत जातं. अक्कांच्या आधीच्या माणसाचं नाव झालं. आता त्यांचंच होतं.

आमची मंडळी मनाने वाईट नाहीत. चारजण बाह्या सरसावून धावले. "खुर्चीसकट उचलू की. दोन मिनिटांचं काम. धरा रे."

"खबरदार कुणी हात लावला तर," अक्का म्हणाल्या. "मी काय फायलींचं कपाट आहे?"

"अक्का, गाळा जाईल गं," नाना काकुळतीला आले. "आजच्या दिवस. मी उचलतो तुला."

"आजवर तूच उचललंस. म्हणून तर तुझ्या लक्षात आलं नाही." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं असणार. "मला गाळा हवाय, नाना. जीव टांगलाय त्याच्यावर. पण उचलून नेलंस तर उद्या मंडईतही मला उचलूनच नेशील."

आतून भोंग्याने पहिला पुकारा केला. एरवी हा माणूस तीन पुकारे एका दमात उरकतो. त्या दिवशी त्याने अक्कांचं नाव असं लांबवलं, जणू त्याला ते पाठ करायला सांगितलं होतं. मग तो खोकला. मग त्याने पाणी मागवलं, आणि घोट घोट प्यायला. खिडकीतून त्याला सगळं दिसत होतं.

नाना एकदा वेलीकडे बघत होते, एकदा बहिणीकडे. मग ते पळत जाऊन अवजारांच्या खोलीतून पहार घेऊन आले. घरचा उंबरठा उखडला होता तीच पहार.

व्हरांड्यात बाकावर एक घड्याळजी बसले होते, शेजारी कुबडी. यादीत अक्कांच्या पुढचं नाव त्यांचं. ते उठले आणि कुबडीने वेलीच्या काटेरी फांद्या बाजूला धरून उभे राहिले, म्हणजे पहारीला वाट मिळाली.

"बाई, तुम्ही पोचला नाहीत तर गाळा मला मिळतो," ते कुरकुरत म्हणाले. "तेव्हा मला असलं काम करायला लावणं बरोबर नाही."

"मग कशाला करताय?"

"काटे तुमच्या डोळ्यात जातील म्हणून. लवकर हो माळीबुवा, माझं मन बदलेल."

भोंग्याचा दुसरा पुकारा झाला. नानांनी पहार कुंडीखाली घातली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. मुळं तुटताना आवाज झाला, जाड कापड फाडावं तसा. अक्कांनी मान वळवली. कापड फाटल्याचा आवाज त्यांना नवा नव्हता, पण भावाचा चेहरा तसा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी हात पुढे करून कुंडीच्या काठाला लावला आणि म्हणाल्या, "एक, दोन, ढकल." कुंडी घरंगळत उतारावरून खाली गेली, फुटली, आणि साहेबांच्या गाडीपाशी जांभळ्या फुलांचा ढीग झाला.

तिसरा पुकारा सुरू झाला तेव्हा खुर्ची सभागृहाच्या दारात होती. भोंगा नाव अर्धवट सोडून म्हणाला, "आल्या." साहेबांनी चष्मा पुसला आणि एवढा वेळ बाहेर कसली गडबड आहे ते विचारलं.

"उतार उघडला, साहेब," भोंगा म्हणाला.

अक्कांना गाळा मिळाला. घड्याळजींना त्या दिवशी मिळाला नाही. गाळे कमी आणि माणसं जास्त, हे दुखणं पहारीने जाणारं नव्हतं.

बोगनवेल नानांनी उतारापासून लांब, कुंपणाच्या कडेला जमिनीत लावली. बरेच दिवस ती नुसता खराटा होती. नाना रोज तिच्यापाशी काडी खुपसून बसत. पुढे तिला पालवी फुटली. तिचं बरं चाललंय, पण ढाल काही पुन्हा मिळाली नाही.

अक्का आता आठवड्यातून एकदा तरी कचेरीत असतात. मंडईसमोरचं गटार तुंबलंय, गाळ्याची फळी हाताला पुरत नाही, आणि मुख्य म्हणजे घड्याळजींच्या गाळ्याचं काय झालं. कर विभागातले मोठे कारकून त्यांची चाकं ऐकली की जेवणाची सुट्टी आधी घेतात. घड्याळजींचं नाव पुढच्या यादीत आहे म्हणे. अक्का म्हणतात, 'म्हणे' चालणार नाही.

"मला सांगितलं असतं तर मी केलं असतं सगळं," नाना परवा चहाला आले तेव्हा म्हणाले. "घरी यायचं, जेवायचं, एका शब्दानं सांगायचं नाही. इथे आली तरी माझ्याकडे बघत नाही." आवाजात चक्क रुसवा होता. शेवंतीसारखा.

तेवढ्यात अक्का साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि उताराच्या टोकाशी थांबल्या. खाली कुणीतरी स्कूटर लावली होती. नानांनी चहा तसाच टाकला, धावत जाऊन स्कूटर बाजूला ओढली, आणि खुर्ची धरायला दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.

"बाजूला हो," अक्का वरून म्हणाल्या. "मी येतेय."

नाना बाजूला झाले.