‘काळ्या खाईतलं सोनं’ आणि दाएंग रान्नूचे केस

बोनेलोम्पो बेटावर त्या वर्षी एका कादंबरीवरून दोन तट पडले, आणि दोन्ही तट रोज दुपारी दाएंग रान्नूच्या घराखालीच येऊन बसायचे. (दाएंग हे तिथलं मानाचं संबोधन, बाईला तसंच पुरुषालाही.) घर उंच खांबांवरचं, त्यामुळे खाली ऐसपैस सावली. बायका तिथे उकडलेल्या खेकड्यांचं मांस काढत आणि रान्नू त्यांना वाचून दाखवी. तिच्या वाटणीचे खेकडे बाकीच्या जणी सोलत, असा सरळ सौदा होता. मकास्सरच्या बाजारातून जुनी पुस्तकं आणायची, कपाटात लावायची आणि भाड्याने द्यायची, हा तिचा धंदा. त्यात काय सुटतं, हे कुणी विचारू नये. बाईला वाचायचं वेड होतं आणि ते ती लोकांच्या गळ्यात मारत होती, एवढंच खरं.

त्या वर्षीची कादंबरी म्हणजे ‘काळ्या खाईतलं सोनं’. कप्तान दिर्गा नावाचा देखणा नायक, तशीच देखणी नायिका, समुद्राच्या तळाशी बुडालेलं जहाज, जहाजात सोनं, सोन्यावर पहारा करणारा घराएवढा ऑक्टोपस आणि मागावर शत्रूची पाणबुडी. बायका खूश होत्या. पण पश्चिमेचा वारा सुटला होता, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या, आणि एरवी समुद्रकाकडी हा तळाशी सापडणारा महागडा जीव वेचायला लांबच्या दर्यात बुड्या मारणारे पुरुष घरी बसून आंबले होते. तेही केळ्याची भजी आणि मिरचीचा ठेचा घेऊन ऐकायला येऊ लागले, आणि तिथून भांडण पेटलं.

“दातात सुरी धरलीये म्हणे!” रुस्लान नावाचा तरणा पाणबुड्या खदखदून हसला. “मग हवेची नळी कुठं धरलीये? नाकात?”

“त्याच्या पाठीवर हवेची टाकी आहे, बाबा,” शेजारीण दाएंग पुजी म्हणाली. “तुझ्यासारखा टायरात हवा भरायच्या यंत्राची नळी तोंडात घालून नाही जात तो.”

“टाकीची नळीपण तोंडातच लागते, दाएंग!”

“मग लागू दे! मधे मधे बोलू नकोस. आत्ता तो नायिकेचा हात धरणार होता.”

“पाण्याखाली गप्पा काय मारतात, ऑक्टोपस रडतो काय,” हाजी साकिर म्हणाला. बेटावरच्या निम्म्या बोटी त्याच्या, त्यामुळे त्याचं मत जरा मोठ्याने निघे. “एकजात थापा. लिहिणारा घोटाभर पाण्यात तरी उतरलाय का?”

“खरं ऐकायचं असेल तर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसा, हाजी,” रान्नू पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. “त्याचं मी भाडं घेत नाही.”

बायका फिसकन हसल्या. हाजीला असं बोलायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. रान्नूला मात्र त्याचं काही वाटत नसे, कारण बेटाने तिला बोलायचं ते केव्हाच बोलून घेतलं होतं. तिच्या केसांनी नवऱ्याचे पाय खाल्ले, असं तिच्याबद्दल म्हणत.

तिचा नवरा दाएंग लाल्लो एकेकाळचा नावाजलेला पाणबुड्या. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा एका सफरीत तो बुडी मारून वर आला, बोटीवर बसून हसत हसत कॉफी प्यायला आणि उठायला गेला तर पाय जागचे हलेनात. ते पुन्हा कधी हललेच नाहीत. बेटावर असे आणखीही होते, कुणी काठ्यांवर, कुणी अंथरुणावर. त्याचं कारण सगळ्यांना पाठ होतं. दर्यातल्या कुणीतरी फटकारलं, आणि फटकारलं म्हणजे घरच्या बाईने नेम मोडला. नवऱ्याची बोट निघाली की त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत बायकोने केरसुणीला हात लावायचा नाही आणि केसांना फणी लावायची नाही. रान्नूने फणी लावली, मी मागच्या दारातून पाहिलं, असं तिची नणंद दाएंग कानंग शपथेवर सांगे. रान्नू म्हणे, नाही लावली. पण ऐकतो कोण! तेव्हापासून बोटी निघताना तिला किनाऱ्यावर उभं राहायची बंदी. नव्या लग्नाच्या पोरी तिची सावलीसुद्धा टाळत.

माणसाने एवढं सोसल्यावर मऊ व्हावं, अशी लोकांची अपेक्षा असते. रान्नू उलट टणक झाली. वाचायला ती शाळेत शिकली होती तेवढीच, पण आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून जुनी वर्तमानपत्रं, भजी बांधून आलेली रद्दी, जे हाती लागेल ते वाचत सुटली आणि पुढे पुस्तकांवर आली. पुस्तकं तरी तिच्याकडे बघून तोंड फिरवत नव्हती. लाल्लो तिला कधी एका शब्दाने बोलला नाही. पण ती वेणी घालायला बसली की तो मान भिंतीकडे करी. बेटाचं बोलणं तिने पचवलं होतं. ती मान मात्र तिला रोज नव्याने लागे.

वाचताना अडखळायला नको म्हणून पुढचं प्रकरण ती आधीच नजरेखालून घाली. एका सकाळी चुलीपाशी तसं वाचत असताना भात करपला तरी तिला पत्ता लागला नाही. प्रकरण संपल्यावर तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग वर नवऱ्यापाशी गेली.

“आज खाली चला ऐकायला.”

“मला फळ्यांमधून ऐकू येतं की.”

“तुम्हाला ऐकू येतं, पण मला तुमचं तोंड दिसत नाही. चला.”

रुस्लानने आणि आणखी एकाने लाल्लोला उचलून खाली आणलं, खांबाला टेकवून बसवलं. रान्नूने पुस्तक उघडलं. दिर्गा आणि त्याचा जोडीदार हस्मार जहाजातून बाहेर पडतात आणि ऑक्टोपस मागे लागतो. दिर्गा दोराला धरून थांबत थांबत वर सरकतो. हस्मारचा धीर सुटतो. तो पाय झाडून तीरासारखा थेट वर जातो, बोटीवर चढतो, सुटलो म्हणून हसतो आणि म्हणतो, जरा कॉफी द्या रे.

खेकड्यांवरच्या सुऱ्या थांबल्या.

“बास,” हाजी साकिर म्हणाला. “मीट ते पुस्तक. वारा पडला की बोटी निघायच्यात. असलं अभद्र आत्ता तोंडातून काढू नये.”

“मी वाचणार,” रान्नू म्हणाली.

“हिला कुठला नेम कधी पाळता आलाय?” कानंग उसळली. “माझ्या भावाचे पाय घालवले, आता गावाचे घालवायला बसलीये!”

रान्नूने आवाज चढवला आणि पार कडेच्या माणसाला ऐकू जाईल असं वाचलं: “खोल पाण्यात ओढलेली हवा रक्तात मुरते. माणूस हळूहळू वर आला तर ती हळूहळू निघून जाते. तो धावत वर आला तर सोड्याच्या बाटलीचं बूच उडाल्यासारखी फसफसते आणि कण्यात अडकून बसते. हस्मार उठायला गेला. त्याचे पाय उठले नाहीत.”

“गोष्ट आहे ती!” कानंग ओरडली. कालपर्यंत दिर्गावर जीव टाकणारी ती, आज तिला कादंबरी खोटी वाटू लागली. आणि कालपर्यंत खिदळणारे पाणबुडे जमिनीकडे बघत होते.

हाजीला बरा मुद्दा सापडला, तो पुढे सरसावला. “काल याच पुस्तकात ऑक्टोपस रडत होता. तेव्हा हसलात ना सगळे? मग आज त्याचं खरं कसं झालं?”

“ऑक्टोपस खोटा,” रान्नू म्हणाली. “पाणबुडी खोटी. दिर्गासारखा नवरा तर साफ खोटा, मलाही कळतं ते. पण हस्मारची ती कॉफी इथे कुणाकुणाच्या घरात प्यायली गेलीये, तेवढं सांगा. हाजी, तुमच्याच बोटींवर प्यायलेत.”

मग खांबापाशी लाल्लो खाकरला. “ते हळूहळूचं पुन्हा वाच.”

तिने वाचलं. लाल्लो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत ऐकत राहिला.

“माझी नळी पिळली होती,” तो म्हणाला. “हवा बंद झाली. एका दमात वर आलो मी. वर आल्यावर वाटलं, वाचलो.” मग त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “रान्नू, बोट निघाली त्या दिवशी तू फणी लावली नव्हतीस ना?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती, आणि आज पहिल्यांदाच ते ऐकून घेतलं गेलं असतं. पण रान्नूला एकदम संताप आला. एवढं वाचलं, दोनदा वाचलं, आणि या माणसाचा प्रश्न अजून फणीचाच! आज नाही म्हटलं, तर ती एकटी सुटणार होती आणि फणीवरचा आळ तसाच राहणार होता; उद्या खरंच केस विंचरणारी एखादी पोर पुन्हा तशीच जळणार होती.

“लावली होती,” ती म्हणाली.

दाएंग पुजीच्या हातातला खेकडा खाली पडला.

“कानंगने पाहिलं ते खरं आहे. शपथ खोटी नाही तिची. डोकं खाजत होतं म्हणून मागच्या दारात बसले, तेल लावलं, सावकाश विंचरलं आणि चांगली जाड वेणी घातली. तुमची सगळ्यांची भीती वाटली म्हणून नाही म्हणत आले. आता नाही म्हणणार नाही. केस मी विंचरले, पाय तुमचे गेले, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही.”

कानंगने बोलायला तोंड उघडलं. इतकी वर्षं जे पटवायला ती शपथा घेत फिरली, ते रान्नूने भर सभेत तिच्या हातात दिलं होतं, आणि आता त्याचं करायचं काय, हे तिला कळेना. तिने पुढचा खेकडा उचलला.

रान्नूने पान उलटलं.

“पुढं दिर्गा एकटाच खाली जातो,” ती म्हणाली. “कुणाला घरी जायचं असेल तर आत्ताच उठा. मधूनच उठलेलं मला चालत नाही.”

हाजी साकिर उठून गेला. बाकी कुणी हललं नाही.

“वाच गं,” लाल्लो म्हणाला.