दाणीकाकांची बोट

आमचे अधारतालचे शेजारी दाणीकाका बोटीची मोटर सुरू केली की लगेच एकदा बंद करून बघत. मनगटाला बांधलेली लाल दोरी ओढली की ती बंद पडे. मगच पुन्हा सुरू. "जे बंद करता येत नाही, ते चालू काहून करायचं?" असं म्हणत.

संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी, छोटी शिडाची बोट घेतली. ती बरगीच्या जलाशयावर असे. काकू लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं काकाच करत. रविवारी दुपारी मदतनीस बाई आली की आम्ही माझ्या गाडीने निघायचो. गाडीत बसताच काकांना झोप लागे. "थकून राहिलो रे, विनय," एवढंच म्हणत.

एका रविवारी आम्ही बरेच आत गेलो होतो आणि वारा उठला. त्यातच बाईचा फोन आला. काकूंना श्वास लागला होता. शेजारच्यांनी त्यांना नेपियर टाउनमधल्या दवाखान्यात हलवलं होतं.

काकांनी शीड उतरवून बांधलं, मोटरच्या पाण्यातल्या पंख्यात अडकू नयेत म्हणून सगळे दोर आत ओढले, मोटर लावली. बोटीच्या पोटातून पाण्यात सोडायची फळी त्यांनी अर्धीच खाली ठेवली. पूर्ण वर घेतली तर वारा बोट आडवी ढकलतो, पूर्ण खाली सोडली तर वेगात वळताना बोट कलंडते.

"तू पुढे जाऊन बस. मधोमध, खाली."

"काका, मोटर पूर्ण वेगात सोडा ना! काकू तिकडे..."

"मले माहीत आहे." त्यांचा आवाज चढला नाही. "अन् उलटलो तर तिच्यापाशी कोण जाईन?"

लाटा कापत आम्ही हळूहळू काठाला लागलो. लाल दोरी ओढून त्यांनी मोटर बंद केली आणि ओल्या कपड्यांनीच गाडीत बसले.

काकू शुद्धीवर होत्या. काकांचे ओले कपडे बघून पुटपुटल्या, "टॉवेल घ्या आधी." पहाटे त्या गेल्या. काका उशाशीच होते.

काही महिन्यांनी मी विचारलं, "या रविवारी जायचं बरगीला?"



"नको भैया. घरी यायचं असे, म्हणून जायला बरं वाटे."