एका काचेची ओली पुट्टी

नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यातून गेले, पण भद्रावतीकडची ती चोरी काल घडल्यासारखी आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो.

सागवानाच्या खिडक्या सोडून लोखंडी घ्यायची टूम तेव्हा नवीनच निघाली होती. वाळवी लागत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. एका गुरुजींनी नव्या घराला सगळ्या खिडक्या लोखंडी बसवल्या, पुढचं दार तेवढं सागाचं. सहा महिन्यांनी सासुरवाडीला गेले, चार दिवसांनी परतले तर कुलूप जसंच्या तसं, खिडक्या आतून बंद, एक काच फुटलेली नाही, आणि कपाटातले दागिने गायब!

फिर्याद देताना गुरुजींनी सांगितलं, दार बसवणारा सुतार चिडून बोलला होता, "लोखंडाच्या खिडक्या लावता न गुरुजी? मंग पाहा, चोर तिथूनच येईन." माझ्या हवालदाराला एवढं पुरे झालं. दार याचं, कडी याला माहीत, वर धमकी. दुपारपर्यंत त्यानं जंगलातल्या गावाहून सुताराला आणून बसवलंही. स्टेशन डायरीत नोंद झाली.

साठीचा माणूस. विचारपूस मी स्वतः केली.

"भाऊ, काऊन बोलले तसं?"

"साहेब, मी त्याईले आतून गज लावा म्हणलो. ते म्हणे, लोखंडाले आनखी गज कायले? मले राग आला." मग आवाज उतरला. "पोलिसानं नेलं म्हणल्यावर मले घरात कोण घेईन? माह्यं काम तर लोकाईच्या घरातच रायते."

ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा पाहायला गेलो. खरं सांगतो, माझंही घर बांधायचं चाललं होतं आणि आमच्या सौभाग्यवतींनी लोखंडी खिडक्यांसाठी डोकं खाल्लं होतं. म्हणून एकेक खिडकी गिऱ्हाइकासारखी चाचपत होतो. काचा ज्यात बसवतात ती पुट्टी दगडासारखी घट्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीत कडीजवळच्या काचेला बाहेरून अंगठा लावला, तर तो आत रुतला! वर ताजा रंग, खाली ओली पुट्टी, जवसाच्या तेलाचा वास.

चोरानं पुट्टी खरवडून काच काढली, हात घालून कडी उघडली. गज नव्हतेच. जाताना तसाच हात घालून कडी लावली आणि काच परत बसवली. हे सुताराचं काम नव्हे, काचा बसवणाऱ्याचं.

साध्या कपड्यात मी त्या खिडक्या बनवणाऱ्या वर्कशॉपात गेलो. गुरुजींच्या खिडक्या बसवणारा फिटर तोंडभर पान चघळत मला माल दाखवू लागला.

"एक नंबर काम आहे भाऊ. पुट्टी पंधरा दिवसांत गोटा होऊन जाते."

"मग गुरुजींच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीची सहा महिन्यांनी ओली कशी?"

पान चघळणं थांबलं. त्यानं पायानं पुट्टीचा डबा हळूच बाकाखाली सरकवला. बस्स! पंचांसमक्ष डबा उपसला. तळाच्या गोळ्यात दागिने होते. मुद्देमाल जप्त झाला, फिटरनं कबुली दिली.

सुताराला पोचवायला मी स्वतः जीप घेऊन गेलो. चावडीपुढे उतरून सगळ्यांदेखत म्हणालो, "चूक आमची. हा माणूस खरं बोलला होता." वर्दीत असं बोलायची तेव्हा रीत नव्हती. मी बोललो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पुढे त्यालाच माझ्या घराच्या बांधकामावर बोलावलं. "भाऊ, दारं-खिडक्या सगळ्या सागाच्या, तुम्हीच करा." मला वाटलं, भरपाई होईल. तो जागेवर फिरला, पायानं माती उकरली.

"वाळवी आहे साहेब इथी. खिडक्या न चौकटी लोखंडाच्याच घ्या. पण आतून गज लावा. मी दार तेवढं करतो."

हाती आलेलं काम सोडून तो मला तेच सांगत होता, जे गुरुजींना सांगितलं होतं. गुरुजींना ती धमकी वाटली आणि आम्ही त्यावर माणूस उचलला. त्यानंतर कुणी रागानं बोललं की मी आधी पुरतं ऐकून घेऊ लागलो.

खिडक्या लोखंडी घेतल्या, गजांसकट. दार त्याच्या हातचं आहे. पाहुणे दाराचं कौतुक करतात, तेव्हा मी त्यांना सुताराचं नाव सांगतो.