फाल्या नको

"आज व्हया. फाल्या नको."

आज हवं, उद्या नको, असं बजावताना ती हातातला चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर आपटायची. जुडग्यात चाव्या तीनच होत्या. एक घराची, एक मासळीच्या पेटीची आणि एक ग्रामपंचायतीच्या कपाटाची. पण आवाज असा यायचा की बाहेर दाखल्यासाठी थांबलेली माणसं दचकून आत डोकवायची. तुम्हीही कधीतरी सरकारी कचेरीत ताटकळला असाल आणि मनातल्या मनात असंच काहीतरी टेबलावर आपटलं असेल. ती ते खरोखर आपटायची.

मालवण तालुक्यात, मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात मी चार वर्षं ग्रामसेवक होतो आणि ती सरपंच होती. पंचवीस वर्षं ती मासे विकत आली होती. नवरा होडीवर जायचा तेव्हाही आणि तो गेल्यावरही. सगळा गाव तिला काकी म्हणायचा. ती मला 'भाऊसाहेबानु' म्हणायची आणि पुढे बहुधा काहीतरी कठोर बोलायची.

तिला निवडून आणलं ते लोकांच्या वैतागानं. आधीचे सरपंच सज्जन गृहस्थ होते, पण प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं: "प्रस्ताव पाठवलेला आहे." एका ग्रामसभेत हे उत्तर तिसऱ्यांदा आलं तेव्हा बायकांच्या रांगेतून काकी उठली. "प्रस्ताव खंय पोचलो ता तरी सांगा. मुंबयक गेलो की विलायतेक?" सभा हसली, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या निवडणुकीत ती भरघोस मतांनी सरपंच झाली.

पहिलं वर्ष झपाट्याचं गेलं. तालुक्याच्या कचेरीत एकदा शिपायानं सांगितलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." काकी सकाळचा बाजार उरकून थेट तिकडेच आलेली. तिनं माशांची रिकामी टोपली साहेबांच्या दाराशी ठेवली आणि शेजारी फतकल मारलं. दहा मिनिटांत मीटिंग संपली. साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि आमच्या पथदिव्यांच्या कागदावर उभ्या उभ्या सही करून गेले. परतताना एस.टी.त ती पोट धरून हसत होती.

दिवे लागले. होड्या ओढायचा उतार बांधून झाला. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्या फोटोला अंगठ्यांचा पाऊस पडायचा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. काम जितकं लवकर व्हायचं, तितका लोकांचा धीर कमी व्हायचा. दिवे लागले त्याच संध्याकाळी कुणीतरी लिहिलं, "आमच्या वाडीत दोनच? बाकीचे कधी?" काकी ग्रुप उघडून बसायची. तिला जोडाक्षरं अडायची. मग मला विचारायची, "ह्यो काय म्हणता?" मी वाचून दाखवायचो. जेवण टाकून ती उत्तर द्यायला धडपडायची. रविवारी, सणाला, सर्दीतापातसुद्धा. "तेनी माका निवडून दिल्यानी ना? मग इचारतलेच," ती म्हणायची. मी म्हणायचो, थोडं थांबू दे लोकांना. त्यावर ती फोन पुन्हा माझ्यापुढे सरकवायची.

गावचं खरं दुखणं पाण्याचं. मार्च संपला की खाडीजवळच्या विहिरी मचूळ व्हायच्या आणि बायका दोन टेकड्या चढून वरच्या झऱ्यावर जायच्या. टेकाडावर नवी टाकी बांधून झाली ती नेमकी एप्रिलच्या अखेरीस. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येणार, घराघरांत माणसं वाढणार. ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ एकच विषय. टाकी झाली, नळ झाले, मग पाणी अडवलंय कुणी? एकानं तर लिहिलं, "काकी पण प्रस्ताववाली झाली." ते मी तिला वाचून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदाच तिनं उत्तर न लिहिता ग्रुप बंद केला.

त्याच आठवड्यात अभियंत्यांचं पत्र आलं. टाकी एकदम भरू नये. थोडी थोडी भरून, आठवडाभर पाणी ठेवून गळती तपासावी. आणि शेवटची ओळ अशी होती, की तपासणी पूर्ण होईपर्यंत टाकीच्या उतारावरच्या अंगणवाडीत मुलांना बसवू नये.

मी ते पत्र काकीला कसं सांगितलं, ते लिहायलाच हवं. दारात पंधरा-वीस माणसं उभी होती, फोन वाजत होता, आणि मलाही तो सगळा गलका एकदाचा संपायला हवा होता. मी म्हटलं, "टाकी तपासून घ्या म्हणतायत. नेहमीचं पत्र आहे." शेवटची ओळ मी वाचली नाही.

"मग फाल्या कित्याक?" ती म्हणाली. "आजच भरूया."

दुसऱ्या दिवशी नळांना पाणी आलं. फटाके वाजले. म्हाताऱ्या बायका पहिली कळशी भरून देवळात घेऊन गेल्या. काकीला हार घालून वाडीवाडीतून फिरवलं आणि ती लाजून पदर तोंडाशी धरत होती. मी तिला इतकी खूश कधीच पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता टाकीची खालची भिंत फुटली. पाण्याचा लोंढा टेकाडावरून दगडमाती घेऊन आला आणि अंगणवाडीची मागची भिंत पडली. उन्हामुळे त्या आठवड्यात मुलांना साडेअकरालाच सोडत होते, म्हणून एकही पोर आत नव्हतं. पण खिचडीची भांडी घासत बसलेल्या मदतनीस बाईच्या पायावर चिरे कोसळले. आम्ही पोचलो तेव्हा काकी आधीच तिथे होती. गुडघाभर चिखलात बसून हातांनी चिरे बाजूला करत होती, आणि तिच्या बोटांतून रक्त येत होतं.

बाईचा पाय वाचला, पण दोन ठिकाणी मोडला होता.

त्या संध्याकाळी ग्रुपवर नवा प्रश्न आला. "एवढी घाई कोणी केली?" विचारणाऱ्यांत हार घालणारे होते, आणि 'प्रस्ताववाली' लिहिणाराही होता.

पंचायतीच्या सदस्यांनी अविश्वास ठराव आणला. थेट निवडून आलेला सरपंच असला की तो ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि गाव चिठ्ठ्या टाकून निकाल देतं. सभेच्या आदल्या दिवशी काकीचा पुतण्या कचेरीत आला. तोही सदस्य होता. मी आतल्या खोलीत फाइली लावत होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काकी, एक कर," तो म्हणाला. "सांग, भाऊसाहेबान माका पत्र वाचूनच दाखवक नाय. तुका खंय धड वाचूक येता? लोक ऐकतले. तो भायरचो माणूस, जायत दुसऱ्या गावाक."

माझ्या हातातली फाईल तशीच राहिली. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि ते फक्त मलाच माहीत होतं, असं मला वाटत होतं.

"तू घराक जा," काकी म्हणाली. एवढंच.

सभेला शाळेचं पटांगण भरलं होतं. ती उभी राहिली. चाव्या आणल्या नव्हत्या. "भाऊसाहेबांनी माका पत्र दाखवल्यानी. घाई माझी. तुमी मागल्यात, पण भराक मी सांगितलंय. ज्या बायचो पाय मोडलो, तिची मी गुन्हेगार." मग मागून एक आवाज आला, "ता झाला. पण आता पाणी कधी?" आणि पुन्हा सगळे एकदम बोलू लागले.

मी उठून बोलायला हवं होतं. मी मतपेटीजवळ बसून राहिलो, यादीवर खुणा करत. ठराव मंजूर झाला. कपाटाची चावी तिनं जुडग्यातून काढून माझ्यासमोर ठेवली. हळूच.

माझी बदली कणकवलीकडे झाली. त्यानंतर त्या गावात दोन वर्षांत दोन सरपंच झाले. पहिल्याला लोकांनी उशिरासाठी घालवलं. दुसरा इतका घाबरलेला, की कुठलाही कागद तीन सल्ले घेतल्याशिवाय हातात धरत नसे, आणि रोज ग्रुपवर टाकीच्या दुरुस्तीच्या पाहणीचे फोटो टाकत असे. ग्रुपमधून मी बाहेर पडलो नव्हतो. का, ते मला सांगता येणार नाही.

शेवटी एकदा मी तिच्या घरी गेलो. ओसरीवर ती सुके बांगडे निवडत होती. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पत्राची शेवटची ओळ मी गाळली, हे. सभेत गप्प बसलो, हेही.

ती बांगडे निवडतच राहिली. मग मुलाला हाक मारावी तशी म्हणाली, "झिला, ती ओळ माका म्हायत होती."

"कशी?" मी विचारलं.

"तू म्हटलंस नेहमीचा पत्र. पण तू माझ्याकडे बघलंस नाय. म्हणून त्याच राती पत्र घराक नेलंय आणि नातीकडसून वाचून घेतलंय." तिनं एक बांगडा बाजूला टाकला. "पोरांका लवकर सोडूक कोणी सांगितला? उनासाठी नाय. मीच सांगितलंय. पोरा गेली की झाला, असा वाटला. भांडी घासणारी बाय मागे ऱ्हवता, ता डोक्यातच इला नाय."

"मग टाकी भरायचीच नव्हती, काकी."

"नाय होती." तिनं हात पुसले. "पण चार वर्सां माका लोकांनी 'काकी, काकी' केल्यानी. ता बंद व्हतला, तेचा भय वाटला माका. पाण्यापेक्षा तेचा जास्त."

असं सरळ उत्तर मी कुठल्याही पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही. तिनं बांगडे कागदात बांधून माझ्या हातात दिले. मग म्हणाली, मदतनीस बाईकडे जायची वेळ झाली, तिच्या पायाला तेल लावायचं असतं. रोज जाते का, असं मी विचारलं. "मग? तिचो पाय माझ्यासाठी थांबता काय?" आणि ती झपाझप निघून गेली.

काकी वारल्याचं मला गेल्या श्रावणात ग्रुपवरूनच कळलं. सकाळी साडेनऊला तिचा फोटो आला, वर हार काढलेला. भराभर जोडलेले हात येऊ लागले. साठ, सत्तर. मी ऑफिसात होतो, डोळे भरून आले म्हणून खिडकीकडे तोंड करून बसलो. पुन्हा फोन पाहिला, तर त्या जोडलेल्या हातांच्या मधोमध एक प्रश्न येऊन पडला होता: "आज पाणी किती वाजता सुटतला?"

त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. खालून पुन्हा हात जोडले जात होते.

मला संताप आला. काहीतरी जहाल लिहायला घेतलं, अर्धं लिहिलं, आणि पुसलं. नळ सोडणाऱ्या माणसाचा नंबर अजून माझ्याकडे होता. मी त्याला फोन लावला. तो रडत होता. मी विचारलं, त्यानं सांगितलं. मग मी ग्रुपवर लिहिलं, "साडेपाचला."